चार-चारचे गट लावायचं ते ॲप: बरेच महिने रोज खेळल्यानंतरचा अनुभव (आणि ‘आंट’वरून झालेलं भांडण)

सोळा शब्द, त्यातून एकमेकांशी संबंध असलेल्या चार-चार शब्दांचे चार गट लावायचे, चार चुका झाल्या की खेळ खल्लास, एवढं तुम्हाला माहितीये असं धरून चालतो. ॲपचं नाव मुद्दाम घेत नाहीये कारण त्यांच्याशी माझी मेलामेली अजून सुरूच आहे, आणि तसंही अशा बहुतेक ॲप्सचा साचा एकच आहे त्यामुळे नाव कळून फार काही फरक पडणार नाही.

झालं काय, चांगली लांबलचक स्ट्रीक (म्हणजे न चुकता रोज कोडं सुटण्याची साखळी) चालू होती ती एका कोड्यात तुटली. शब्द बघा. अंकल, कझिन, नीस, नेफ्यू आणि आंट, म्हणजे नातेवाईक पाच. कॅन, मस्ट, शुड, कुड, माइट, बी, ही शाळेत घोकलेली सहाय्यक क्रियापदं सहा. बोल्ट, रन, स्क्रॅम, स्प्लिट, फ्ली, पळून जाणे, पाच. म्हणजे प्रत्येक गटात कोणीतरी घुसखोर आहे हे दिसत होतं, पण तो कोण ते कशावरून ठरवणार? चार चुका झाल्या, कोडं उघडलं, तर चौथा गट काय तर किडे! फ्ली म्हणजे पिसू, बी म्हणजे मधमाशी, माइट म्हणजे तो बारीक किडा, आणि आंट म्हणजे मुंगी. स्पेलिंग वेगळं, उच्चार सारखा, असा तो गट. आता पहिले तीन मान्य, पण आंट? आत्याला नि मावशीला आपण आंटी म्हणतो, आ लावून. मुंगी म्हणजे ॲन्ट. बहुतेक अमेरिकन लोक दोन्हीला ॲन्टच म्हणतात म्हणून त्यांच्यासाठी हा गट, इंग्लंडमधल्या बऱ्याच जणांनासुद्धा तो लागणार नाही.

लगेच मेल टाकला. उत्तर आलं की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. परत टाकला, जरा तिखट. मग त्यांनी भरपाई म्हणून थोडे हिंट फुकट दिले (मी हिंटसाठी पैसे कधीच भरत नाही, भरणारही नाही, तो कोडं सोडवायचा प्रकारच नाही). पुढच्या वेळी उच्चाराचा गट आला तेव्हा म्हटलं चला वापरू एक. हिंट उघडला तर आत लिहिलेलं, “शब्द मोठ्याने म्हणून पाहा.” अहो, मोठ्याने म्हणतोय तेच तर चुकतंय ना!

माझी भाची अमेरिकेतच जन्मली, तिकडेच वाढली, आम्ही व्हिडिओ कॉलवर कधीकधी एकत्र खेळतो. धातूवालं मेटल आणि पदकवालं मेडल एका जोडीत टाकून मोकळी झाली. मी म्हटलं अगं एकात ट आहे एकात ड. ती म्हणते, “मामा, दोन्ही सेमच आहेत, तू उगाच वेगळं करतोस.” खरंच तिच्या तोंडून दोन्ही सेमच येतात, मधला ट त्यांच्याकडे मऊ होऊन ड सारखाच होतो. मग मी तिला उलट विचारलं की द्राक्षाचा वेल आणि वाइन यात काय फरक? व्हाइन आणि वाइन. ती म्हणाली हे कसे सेम होतील? आपल्यापैकी बऱ्याच जणांचे होतात की, आपला व दोन्हीकडे चालतो. आपण बनवलेला उच्चारांचा गट न्यूयॉर्कमधल्या माणसाला सात जन्मात लागणार नाही. ब्रिटिशांची तिसरीच तऱ्हा, ते शेवटचा र गिळतात म्हणून त्यांचा सॉस आणि सोर्स एकच, आपला आणि अमेरिकनांचा वेगळा. हे सगळं एका ॲपच्या एका गटासाठी जरा जास्तच झालं मान्य आहे, पण तुटलेली स्ट्रीक माझी होती.

बाकी अमेरिकन ज्ञानाबद्दल सुरुवातीला जेवढा राग होता तेवढा आता नाही, कारण ते पाठ करता येतं. या प्रकारातला सगळ्यात गाजलेला खेळ म्हणजे न्यूयॉर्क टाइम्सचा कनेक्शन्स, 12 जून 2023 ला आला, आणि त्याचं पहिलंच कोडं बघा: हेल, रेन, स्लीट, स्नो हे हवामान, आणि बक्स, हीट, जॅझ, नेट्स हे बास्केटबॉलचे संघ. मायामीचा संघ हीट आहे हे माहीत नसलेला माणूस हीट थेट हवामानात टाकणार. त्याच कोड्यात कीबोर्डवरच्या कळा होत्या, ऑप्शन, रिटर्न, शिफ्ट, टॅब. ऑप्शन ही ॲपलच्या कीबोर्डवर असते, आयुष्यभर विंडोज वापरलेल्याला ती कळ आहे हेच माहीत नसतं, म्हणजे इथे देशाचाही संबंध नाही, टेबलावर कुठलं मशीन आहे त्यावर सगळं. आणि उलटसुलट सारखे शब्द होते कयाक, लेव्हल, मॉम, रेसकार, त्यातलं मॉम ब्रिटिश माणूस मम लिहितो, तेही उलटसुलट सारखंच हे त्याचं नशीब.

तर पाठ काय करायचं. बास्केटबॉलमधले हीट, जॅझ, मॅजिक, थंडर, एनबीए या त्यांच्या लीगमध्ये एवढ्या चारच संघांच्या नावाशेवटी एस नाही, म्हणजे कोडं बनवणाऱ्याला आयता गट. मी आजवर एक मॅच पाहिलेली नाही पण हे चार झोपेतही सांगेन. राज्यांची दोन अक्षरी रूपं, मी, हाय, ओके, इन, ऑर, ही साध्या शब्दांसारखी दिसतात आणि निघतात मेन, हवाई, ओक्लाहोमा, इंडियाना, ओरेगन. सब, हीरो, होगी, ग्राइंडर ही एकाच लांब सँडविचची त्यांच्याकडची वेगवेगळ्या भागातली नावं, यात हीरो दिसला की आपण शूर लोकांचा गट शोधत बसतो.

आणि रंग. किती अवघड त्यावरून प्रत्येक गटाला एक रंग दिलेला असतो. पिवळा सोपा, मग हिरवा, निळा, जांभळा सगळ्यात अवघड. हे कोणासाठी? बनवणाऱ्याच्या घरात जे सगळ्यांना माहीत असतं ते त्याच्या दृष्टीने सोपं. मला सँडविचचा पिवळा शेवटपर्यंत लागत नाही आणि जांभळ्यात ग्रीक देवांची नावं लपवली असतील तर पहिल्या फटक्यात. त्यामुळे पिवळ्यापासून सुरू करा हा सल्ला मी पाळायचं सोडून दिलंय. वरवर अगदी साधा वाटणारा शब्द, जो कुठेच नीट बसत नाही, तो आधी बाजूला ठेवतो, बहुतेक वेळा तो कुठल्यातरी संघाचं नाहीतर दुकानाचं नाव निघतो.

मध्यंतरी वाटलं आपलं इंग्रजी ब्रिटिश वळणाचं, तिकडची कोडी जमतील. बीबीसीवर ओन्ली कनेक्ट नावाचा कार्यक्रम 2008 पासून आहे, त्यात कनेक्टिंग वॉल असते, तेच सोळा शब्द, अडीच मिनिटं. पॉइंट, स्लिप, कव्हर, गली असे शब्द आले की आपण राजे, अमेरिकन माणूस बसेल स्लिप म्हणजे घसरणे करत. पण पुढच्याच भिंतीत लंडनच्या मेट्रोची स्टेशनं आणि तिकडच्या टीव्ही मालिकांमधली पात्रं, संपलं. मोनोपॉलीसुद्धा दोघांची वेगळी, अमेरिकेत बोर्डवॉक नि पार्क प्लेस, ब्रिटनमध्ये मेफेअर नि पार्क लेन. तेव्हा अमेरिकनच फक्त स्वतःपुरतं बघतात हे माझं मत मागे घेतो, ज्याचं कोडं तो स्वतःच्याच डोक्यातून बनवणार. उच्चारांच्या गटाबद्दल मात्र घेत नाही, कारण संघांची नावं पाठ करता येतात, जीभ कशी बदलायची?

याच रागात थोडं वाचत गेलो तर एक भलतीच गोष्ट सापडली. रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला उझबेकिस्तानात शेतकऱ्यांना विचारत फिरला होता, हातोडी, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका, यात वेगळं कोणतं? शाळा न शिकलेले शेतकरी ओंडका काढायला तयार नव्हते, ओंडकाच नसेल तर करवत काय करायची? आणि दुसऱ्या संशोधकांनी लायबेरियातल्या क्पेले जमातीच्या लोकांसमोर वस्तू ठेवल्या तर त्यांनी सुरी संत्र्याबरोबर लावली, बटाटा कुदळीबरोबर, शहाणा माणूस असंच करेल म्हणाले. शेवटी वैतागून विचारलं की मग मूर्ख माणूस कसं लावेल, तर त्यांनी ताबडतोब खाण्याच्या वस्तू एकीकडे, अवजारं एकीकडे लावून दाखवली! म्हणजे येत होतं सगळं, फक्त त्यांच्या लेखी ते बावळटपणाचं काम होतं. आणि मी रोज सकाळी उठून तेच करतोय, वर स्ट्रीक जपतोय.

रेटिंग, पाचपैकी तीन. एक स्टार आंटचा कापला, एक त्या हिंटचा. रोज नवीन कोडं फुकट मिळतं तेवढं खेळा, जाहिराती सहन करा. जुन्या कोड्यांसाठी सबस्क्रिप्शन घ्यायचा विचार असेल तर आधी पंधरवडाभर उच्चाराचे गट किती येतात ते बघा, आठवड्याला एकापेक्षा जास्त येत असतील तर पैसे वाया.