रेल्वेच्या जुन्या मालपेटीची फळी: तशीच जपावी की नव्यासारखी करावी?

अमेरिकेत रेल्वेने माल पाठवण्यासाठी लाकडी पेट्या अमाप बनल्या आणि माल पोचला की फोडल्याही गेल्या. आज हाती लागते ती बहुधा अशा पेटीची एखादी सुटी बाजू. दोन-तीन पाइनच्या फळ्या, मागे त्यांना धरणाऱ्या आडव्या पट्ट्या, गंजलेले खिळे आणि पुढच्या अंगावर काळ्या शाईतली अर्धवट पुसलेली अक्षरं. अशी फळी मिळाली की प्रश्न एकच असतो. मळ काढून, झीज थांबवून आहे तशी ठेवायची, की घासून-पुसून, पॉलिश चढवून भिंतीवर झळकेल अशी करायची?

माझं मत आधीच सांगते. फळीवर एक अक्षर जरी वाचता येत असेल, तरी पॉलिश पेपर हातात घेऊ नका. लाकूड साधं पाइन, पॉप्लर नाहीतर स्प्रूस असतं. तसं लाकूड कुठेही मिळेल. मोल आहे ते त्या शाईचं आणि तिची जाडी केसाएवढीही नसते. जपलेली फळी पुढे कधीही घासता येईल, घासलेल्या फळीवरचा मजकूर मात्र परत आणता येणार नाही. तरीही सरसकट एकच उत्तर देता येत नाही, कारण फळी नेमकी कशाची आहे यावर बरंच ठरतं. म्हणून आधी ती वाचायची.

मजकुरावरून शोध, की लाकूड-खिळ्यांवरून?

मजकूर काळ नेमका सांगतो. अ‍ॅडम्स एक्सप्रेस, सदर्न एक्सप्रेस किंवा वेल्स फार्गो या रेल्वेने पार्सलं पोचवणाऱ्या (एक्सप्रेस) कंपन्यांपैकी एखादीचं नाव मालवाहक म्हणून असेल, तर ती रवानगी बहुधा 1918 च्या आधीची. त्या वर्षी, पहिल्या महायुद्धाच्या काळात रेल्वे सरकारी ताब्यात असताना, या कंपन्यांचं एक्सप्रेस कामकाज एकत्र करून 'अमेरिकन रेल्वे एक्सप्रेस' उभी राहिली. 1929 मध्ये तिची जागा रेल्वे कंपन्यांच्याच मालकीच्या 'रेल्वे एक्सप्रेस एजन्सी'ने घेतली. 1960 मध्ये तिचं नाव 'आरईए एक्सप्रेस' झालं आणि 1975 मध्ये तिचं दिवाळं निघालं. म्हणजे नुसत्या नावावरून काळाची चौकट मिळते. रेल्वे कंपन्यांच्या नावांचंही तसंच आहे. 'पेन सेंट्रल' हे नाव पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रल या दोन रेल्वे कंपन्या 1968 मध्ये एकत्र आल्यावरचं.

पत्ताही बोलतो. 'शिकागो 7, इलिनॉय' असा शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी क्रमांक असेल, तर तो 1943 मध्ये मोठ्या शहरांत सुरू झालेल्या टपाल विभागांचा. पाच आकडी झिप कोड (अमेरिकेतला पिन कोड) असेल तर 1963 किंवा त्यानंतरचा. आयात मालाच्या पेटीवर मूळ देशाचं नाव इंग्रजीत ठळक दिसलं, तर ती 1891 पासून पुढची असण्याचा संभव जास्त, कारण 1890 च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं.

पण मजकूर सांगतो तो प्रवासाचा काळ. पेटी बनली कधी, हे तो सांगेलच असं नाही. चांगली पेटी पुन्हा वापरली जायची, जुनं नाव रंगाने झाकून शेजारी नवं टाकलं जायचं. एकाच फळीवर दोन नावं आडवी-उभी दिसली तर गोंधळू नका. त्या दोन वेगळ्या खेपा असू शकतात.

लाकूड आणि खिळे ढोबळच बोलतात, पण त्यांची बनवाबनवी करणं अवघड. चौकोनी माथ्याचे, चपटे, निमुळते होत गेलेले कापीव खिळे असतील तर पेटी बहुधा एकोणिसाव्या शतकातली. 1890 च्या दशकापासून गोल तारेचे खिळे सर्रास झाले. फळीच्या मागच्या, न रंधलेल्या अंगावर कमानीसारखे ओरखडे असतील तर ती गोल करवतीने कापलेली. सरळ, समांतर ओरखडे असतील तर बहुधा पट्टा-करवतीने. मात्र एखादा खिळा नंतर दुरुस्तीत ठोकलेला असतो, त्यामुळे एका खिळ्यावरून निकाल देऊ नये. खिळ्याभोवती गंजाचं काळपट वर्तुळ लाकडात खोल मुरलं असेल तर तो तिथे बराच काळ आहे. भोवतीचं लाकूड स्वच्छ आणि खिळा तेवढा गंजका असेल, तर शंका घ्यावी.

नकली फळ्या पुष्कळ येतात: खऱ्या जुन्या लाकडावर नवा स्टेन्सिल, म्हणजे कापलेला साचा ठेवून उमटवलेली अक्षरं. हे ओळखायला दहा पट भिंग पुरतं. अक्षरावरून जाणारी एखादी भेग शोधा. अक्षर आधीचं आणि भेग नंतरची असेल, तर शाई भेगेच्या काठाशी तुटते आणि भेगेच्या आत लाकडाचा रंग दिसतो. शाई भेगेत उतरलेली, जुन्या ओरखड्यांत भरलेली, रिकाम्या खिळ्याच्या भोकात ओघळलेली दिसली, तर लाकूड म्हातारं झाल्यावर कोणीतरी अक्षरं काढली आहेत. या एका खुणेवर माझा बाकी सगळ्यांपेक्षा जास्त विश्वास आहे.

पुसट मजकूर वाचायचा तर खोली अंधारी करून टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून तिरपा धरा. उन्हापावसात उघडं लाकूड झिजतं, शाईखालचं कमी झिजतं. त्यामुळे शाई गेली तरी अक्षरं किंचित उंच राहतात आणि तिरप्या उजेडात त्यांची सावली पडते. काजळीची शाई अवरक्त (इन्फ्रारेड) किरण शोषते, म्हणून अवरक्त फोटोत मळाखालचं अक्षर कधीकधी स्पष्ट उमटतं. हे फोटो साफसफाईच्या आधी काढा आणि जपून ठेवा.

माल घेणाऱ्या दुकानदाराचं नाव आणि गाव मिळालं की खरी मजा. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका' या ऑनलाइन संग्रहात जुनी गावोगावची वर्तमानपत्रं शोधता येतात. तिथे त्याच दुकानाची जाहिरात सापडली, की फळीला पत्ता आणि माणूस दोन्ही मिळतात. सॅनबर्न कंपनीने अग्निविम्यासाठी काढलेल्या नकाशांत ती इमारत, तिचं बांधकाम, कधीकधी रेल्वेच्या मालधक्क्यापासूनचं अंतरसुद्धा दिसतं.

हात लावण्याआधी

'हाय एक्स्प्लोझिव्ह्ज' असं लिहिलेली सुरुंगाच्या दारूची पेटी संग्राहकांची आवडती आहे. तिच्या आतल्या अंगावर तेलकट डाग असतील तर घासणं, गरम करणं, ठोकणं काही करू नका. डायनामाइटमधून पाझरलेलं नायट्रोग्लिसरिन लाकडात मुरलेलं असू शकतं. फळी आहे तिथेच राहू द्या आणि अग्निशमन दलाला कळवा. शेतीच्या विषारी औषधांच्या पेट्यांत आर्सेनिक उरलेलं असू शकतं. रंगीत अक्षरांत शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली ती 1978 मध्ये. घासकामाच्या विरोधात हेही एक कारण आहे: घासलं की हे सगळं धूळ होऊन श्वासात जातं.

साफ करणं आणि घासणं: दोन्ही वाटांवर काय होतं

जतनाची वाट संथ आहे. मऊ ब्रशने धूळ उडवायची आणि व्हॅक्यूमच्या तोंडाला जाळी बांधून ती ओढून घ्यायची. मग काजळी पुसण्याचा कोरडा रबरी स्पंज. एवढ्यानेच निम्म्याहून जास्त मळ निघतो आणि बऱ्याचदा इथेच थांबावं. पुढे जायचंच असेल तर कापसाच्या बोळ्यावर डिस्टिल्ड वॉटर, तेही आधी कोपऱ्यातल्या एखाद्या शाईच्या ठिपक्यावर फिरवून बघायचं. बोळा काळा झाला तर तो मळाने झाला की शाईने, हे भिंगाखाली पाहायचं. काजळी आणि तेलाची स्टेन्सिल शाई सहसा टिकते. जांभळे-लाल रबरी शिक्के मात्र पाण्याने फुटतात आणि स्पिरिटने तर पसरतातच. कागदी लेबल असेल तर त्याच्याजवळ पाणी नेऊ नका. सुटलेले कोपरे गव्हाच्या स्टार्चच्या पातळ खळीने बसवता येतात.

घासण्याची वाट एका दिवसात संपते आणि फळी उजळ दिसते, हे खरं. पण तिच्यावरचा राखाडी-तपकिरी थर, करवतीचे ओरखडे, ओढल्या-आपटल्याच्या खुणा आणि शाई सगळंच जातं. वर काढलेले माहितीचे धागे यांतल्याच खुणांवर उभे आहेत. नंतर विकायची वेळ आली, तर जाणकार घासलेल्या फळीकडे सजावटीची वस्तू म्हणूनच बघतो.

दुसरी वाट योग्य ठरते अशाही फळ्या असतात. मजकूर काहीच उरलेला नाही, तिरप्या उजेडातही दिसत नाही, वर कोणीतरी आधीच जाड वॉर्निश थापलंय, किंवा पेटीची ती मागची कोरी बाजू आहे. अशा फळीचं टेबल करा, शेल्फ करा, मला त्यात काहीच वावगं वाटत नाही.

अर्धवट गेलेली अक्षरं पुन्हा रंगवावीत का? मी नाही म्हणेन. पूर्ण नाव भिंतीवर हवं असेल तर मूळ अक्षरांवर पारदर्शक फिल्म ठेवून त्यांचा माग काढा आणि नव्या फळीवर स्टेन्सिल करा. मूळ फळी खरी राहते आणि शेजारी वाचता येईल अशी प्रतही मिळते.

वरून काय लावायचं?

पहिला पर्याय म्हणजे काहीच नाही. घरात, कोरड्या जागी राहणाऱ्या फळीला खरोखर कशाचीच गरज नसते आणि बहुतेकांनी हेच निवडावं.

मायक्रोक्रिस्टलाइन मेण (पेट्रोलियमपासून काढलेलं, बारीक स्फटिकांचं मेण) पातळ हाताने लावलं तर अक्षरांचा काळेपणा थोडा खुलतो, चकाकी येत नाही. फार खरबरीत लाकडावर मात्र ते खाचांत पांढरं साचतं, म्हणून फळी रंधलेली असेल तरच. लाखेचं पॉलिश स्पिरिटने काढता येतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण उघड्या, कोरड्या रेषांत मुरलेली लाख पूर्ण निघत नाही आणि रबरी शिक्का असेल तर त्यातलं स्पिरिटच शिक्का खराब करतं.

जवसाच्या तेलाची शिफारस सगळीकडे दिसते. मला ती इथे अजिबात पटत नाही. जुनं पाइन तेल अधाशासारखं पितं, गडद होतं आणि वर्षागणिक आणखी काळवंडतं. अक्षरं काळी, लाकूडही काळं. मग वाचायचं काय? शिवाय मुरलेलं तेल परत काढता येत नाही. तरी लावणारच असाल तर तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नका. सुकताना त्या तापतात आणि आपोआप पेट घेतात. पॉलीयुरेथेनचं वॉर्निश कोऱ्या फळीच्या टेबलाला ठीक. मजकुराच्या फळीवर ते चढलं, की शाई प्लॅस्टिकच्या थराखाली कायमची अडकते.

कीड, भेगा आणि टांगणी

बारीक भोकांतून ताजा, फिकट भुगा पडत असेल तर किडा जिवंत आहे. रासायनिक औषधापेक्षा गोठवणं बरं, कारण त्याने शाईला धक्का लागत नाही. फळी प्लॅस्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे 20 अंश सेल्सियसला किमान एक आठवडा ठेवायची आणि बाहेर काढल्यावर पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत गुंडाळी सोडायची नाही. नाहीतर लाकडावरच दव धरतं.

फळ्यांमधली फट लुगदीने बुजवू नका. लाकूड दमट हवेत रेषेच्या आडव्या दिशेने फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. त्याला जागा मिळाली नाही तर नवी भेग अक्षरातूनच जाते. सैल झालेला जुना खिळा उपसण्यापेक्षा मागून एक पट्टी द्या, तिला लांबट भोकं पाडा आणि स्क्रू पूर्ण आवळू नका, म्हणजे फळ्यांना सरकायला वाव राहतो.

टांगताना वजन या मागच्या पट्टीवर यायला हवं, मूळ खिळ्यांवर नाही. जागा निवडताना थेट ऊन, हीटरच्या वरची भिंत आणि बाथरूमलगतची भिंत टाळा. कागदी लेबल किंवा रंगीत शिक्का असेल तर उजेड आणखी मंद हवा. अशा वस्तूंसाठी संग्रहालयं साधारण 50 लक्सची (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) मर्यादा पाळतात. आणि शोधात जे सापडलं, त्याची एक प्रत आम्लमुक्त पाकिटात घालून फळीच्या मागे लावून ठेवा, म्हणजे फळी पुढे कोणाकडे गेली तरी माहिती तिच्याबरोबर जाईल.