साउथ सस्कॅचवानच्या फेरीबोटी : नदी समजून घ्यायची असेल तर पूल टाळावा

कॅनडाच्या सस्कॅचवान या गवताळ मैदानी प्रांतात महामार्ग खात्यातर्फे नद्यांवर फेरीबोटी चालवल्या जातात आणि त्यांतून मोटार पलीकडे नेण्यासाठी एक पैसाही द्यावा लागत नाही. या बोटी प्रामुख्याने स्थानिक शेतकऱ्यांसाठी आहेत. दोन्ही काठांवर जमीन असलेला माणूस धान्याचा ट्रक किंवा पेरणीचे यंत्र घेऊन त्यांवर चढतो आणि पर्यटकाची मोटार त्याच्या मागे उभी राहते. साधारणपणे एप्रिलच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे नदीचे पाणी मोकळे असेपर्यंत, ही सेवा सुरू असते. प्रांतात अशा फेरीबोटी इतर नद्यांवरही आहेत. परंतु या परीक्षणात केवळ साउथ सस्कॅचवान नदीवरच्या बोटींचा विचार केला आहे, कारण त्या एकामागून एक घेत गेल्यास या नदीचा प्रांतातला जवळजवळ संपूर्ण प्रवास डोळ्यांखालून जातो. माझ्या मते या सेवेचे खरे मोल पलीकडे पोहोचण्यापेक्षा यात अधिक आहे.

बोटीची रचना अगदी साधी आहे. नदीच्या आरपार पोलादी तार ताणलेली असते आणि सपाट तळाची, दोन्ही टोकांना उघडझाप होणारे उतरंडीचे फलक असलेली बोट त्या तारेला धरून डिझेल इंजिनाच्या जोरावर सरकते. पूर्वीच्या काळी इंजिनाचीही गरज नसे. बोट प्रवाहाशी तिरकी धरली की पाण्याचा रेटाच तिला पलीकडे ढकलत असे. बोटीला ठरलेल्या वेळा क्वचितच असतात. ती समोरच्या काठावर असली तर चालकाचे लक्ष जाईपर्यंत थांबायचे, आणि मग एकट्या मोटारीसाठीही ती परत येते. वरच्या बाजूच्या बोटींवर पार होण्यास लागणारा वेळ काही मिनिटांचाच असतो.

नदीचा वरचा भाग मात्र या सेवेच्या कक्षेबाहेर आहे, आणि तो ध्यानात न घेता बोटीत बसल्यास पुढचे बरेचसे कळत नाही. साउथ सस्कॅचवान दक्षिण अल्बर्टात बो आणि ओल्डमन या दोन नद्यांच्या संगमापासून सुरू होते. बोच्या उगमापासून मोजल्यास तिची लांबी सुमारे १,३९२ किलोमीटर भरते. याच नदीकाठच्या सॅस्काटून शहरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडे भारतातून पाहुणे आले की त्यांना रॉकी पर्वतातले बॅन्फ दाखवायला नेण्याचा रिवाज आहे. तिथे ज्या निळ्या-हिरव्या नदीकाठी छायाचित्रे काढली जातात ती बोच, आणि तेच पाणी कॅल्गरी, मेडिसिन हॅट असे करत यजमानांच्या शहरातून वाहते, हे सहसा कोणी सांगत नाही. या नदीचे बहुतांश पाणी रॉकी पर्वतावरच्या बर्फाचे असते आणि जूनच्या सुमारास तिला मोठा पूर येतो. मैदानावर मुळात पाऊस कमी, आणि जो पडतो त्याचा मोठा वाटा नदीपर्यंत पोहोचतच नाही. हिमयुगाने मागे ठेवलेल्या असंख्य उथळ खळग्यांत तो साचतो आणि तिथेच आटतो. त्यामुळे शेकडो किलोमीटर वाहूनही नदीला वाटेत फारशी भर पडत नाही, उलट सिंचनासाठी तिच्यातून पाणी काढले जाते.

ही बाब एस्च्युअरीच्या फेरीबोटीवर सर्वांत नीट पटते, कारण अल्बर्टाची हद्द ओलांडून आल्यावर जिथे रेड डिअर नदी साउथ सस्कॅचवानला मिळते त्या संगमाच्या जवळच हा उतार, म्हणजे नदी पार करण्याची जागा, आहे. १९६९ च्या करारानुसार अल्बर्टाने नैसर्गिक प्रवाहाचे निम्मे पाणी सस्कॅचवानसाठी सोडणे बंधनकारक आहे, आणि बो, ओल्डमन व साउथ सस्कॅचवान यांच्या खोऱ्यांत २००६ पासून अल्बर्टाने पाणी उचलण्याचे नवे परवाने देणे थांबवले आहे. बोटीच्या कठड्याशी उभे राहून जे पाणी दिसते ते अशा रीतीने मोजून वाटलेले आहे. आसपास वस्ती जवळजवळ नाही, दुकान नाही आणि सावली शोधूनही सापडत नाही. सोयीच्या कसोटीवर या ठिकाणाला मी फार गुण देणार नाही, तरी दोन नद्यांचे पाणी नुकतेच एकत्र आलेले पाहण्यासाठी येथपर्यंत येणे योग्य वाटते.

पुढच्या लेम्सफर्ड आणि लान्सर येथील बोटींचे वैशिष्ट्य म्हणजे त्यांच्याकडे जाणारा रस्ता. मैदान परातीसारखे सपाट असते, गव्हाची आणि मसुराची शेते क्षितिजापर्यंत जातात, आणि नदी कुठे आहे याचा काहीही सुगावा लागत नाही. मग अचानक रस्ता खाली वळतो आणि हिमनद्यांच्या वितळत्या पाण्याने कोरलेली खोल, रुंद दरी उलगडते. आजची नदी त्या दरीच्या मानाने फारच लहान दिसते, कारण दरी तिने एकटीने कोरलेली नाही. महामार्गावरचा पूल ही उतरण कापून काढतो आणि प्रवाशाला वरच्या वर पलीकडे नेतो. फेरीबोटीसाठी मात्र पाण्याच्या पातळीपर्यंत उतरावेच लागते, आणि पात्रातले सतत जागा बदलणारे वाळूचे पट्टे, काठावरची कॉटनवुडची झाडे व गढूळ पाण्याचा वेग तिथूनच दिसतो. दक्षिणेला जवळच ग्रेट सँड हिल्स हा सुमारे १,९०० चौरस किलोमीटरचा वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश आहे. ती वाळूही हिमयुगातल्या त्याच वितळलेल्या पाण्याने आणून टाकलेली आहे. वेळ कमी असेल तर वरच्या तीन उतारांपैकी लान्सरची बोट निवडावी, असे मी सुचवेन.

या भागात पुलांऐवजी बोटी का, याचे उत्तर थोडे खाली सस्कॅचवान लँडिंग येथे मिळते. तिथे १९५१ मध्ये बांधलेला पूल पुढच्याच वसंतात फुटलेल्या बर्फाच्या लोंढ्याने मोडला आणि नंतर नव्याने बांधावा लागला. विरळ वस्ती, रुंद दरी आणि दरवर्षीचे बर्फ यांचा हिशेब केला तर तारेवरची बोट हाच शहाणपणाचा पर्याय ठरतो.

रिव्हरहर्स्टची फेरीबोट या सेवेतली सर्वांत मोठी आहे, आणि तिच्याविषयी माझे मत थोडे दुभंगलेले आहे. ही बोट नदीऐवजी डीफेनबेकर जलाशय ओलांडते. पार होण्यास बराच वेळ लागतो, वारा असेल तर लाटा उठतात, आणि समोरचा काठ इतका दूर असतो की आपण नदीवर आहोत याचा विसर पडतो. प्रवास म्हणून हा टप्पा सर्वांत रंजक आहे. नदी पाहायला आलेल्याची मात्र काहीशी निराशा होते. तरीही तो टाळू नये, कारण साउथ सस्कॅचवानचे आजचे रूप याच जलाशयाने ठरवले आहे. १९५९ ते १९६७ या काळात बांधलेले गार्डिनर धरण ६४ मीटर उंच आणि सुमारे ५ किलोमीटर लांब असून जगातल्या मोठ्या मातीच्या धरणांत त्याची गणना होते. त्यामागे पाणी सुमारे २२५ किलोमीटर पसरले आहे. धरणाला लिबरल नेते जेम्स गार्डिनर यांचे आणि जलाशयाला त्यांचे राजकीय विरोधक, पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांचे नाव दिलेले आहे. हयातीत एकमेकांसमोर उभे ठाकलेले हे दोघे आता एकाच पाण्याने बांधले गेले आहेत.

जलाशयाच्या पूर्वेकडच्या फाट्यावर क्वापेल नदीच्या सुरुवातीशी दुसरे, लहान धरण आहे, आणि भूगोलाच्या दृष्टीने मला तेच अधिक महत्त्वाचे वाटते. एल्बो गावाजवळ नदी पूर्वेकडची वाट सोडून उत्तरेला वळते. हिमयुगाच्या अखेरीस उत्तरेकडची वाट बर्फाने अडवलेली असताना हे पाणी सरळ पूर्वेला क्वापेलच्या दरीतून वाहत असे. बर्फ हटल्यावर नदीने आजची दिशा धरली आणि ती जुनी दरी एका लहानशा ओढ्यासारख्या नदीपुरती उरली. माणसाने धरण बांधून त्या दरीत पुन्हा थोडे पाणी सोडले आहे. ते बफेलो पाउंड सरोवरात साठते आणि रिजायना व मूस जॉ या शहरांच्या नळांना पोहोचते. जे उरते ते क्वापेलमधून असिनिबॉइनला, तिथून विनिपेग शहरात रेड नदीला आणि शेवटी विनिपेग सरोवराला मिळते. मुख्य नदीचे पाणीही सॅस्काटूनवरून वळसा घेत शेवटी त्याच सरोवरात येते. रिव्हरहर्स्टच्या बोटीवरून दिसणारे पाणी अशा दोन निरनिराळ्या मार्गांनी जाऊन पुन्हा एकत्र येणार असते, आणि ही गोष्ट सांगणारा एक फलक धक्क्यावर लावला असता तर या सेवेचा मान आणखी वाढला असता. याच वळणाजवळ मिस्तासेनी नावाची, बसलेल्या रानगव्याच्या आकाराची प्रचंड शिळा होती, जी क्री आणि इतर मूळ रहिवाशांना पवित्र होती. जलाशय भरण्याआधी १९६६ मध्ये ती सुरुंग लावून फोडण्यात आली.

धरणाच्या खाली नदी बदलते. गाळ जलाशयात अडकून राहतो, त्यामुळे पाणी स्वच्छ दिसते. वीजनिर्मितीनुसार पातळी वरखाली होते. आणि पूर्वी हिवाळ्यात रोडावणारा प्रवाह आता हिवाळ्यातही बऱ्यापैकी टिकून असतो. सॅस्काटून हे पुलांचे शहर आहे, तेव्हा तिथे या सेवेला काम नाही. तिथली एक घटना मात्र नोंदवायला हवी. ७ जून १९०८ रोजी कॅप्टन रॉस यांची ‘सिटी ऑफ मेडिसिन हॅट’ ही आगबोट भरलेल्या नदीतून खाली येताना ट्रॅफिक ब्रिजवर आदळून बुडाली. जीवितहानी झाली नाही, परंतु जूनमधल्या पुराचे आणि एरवीच्या उथळ, वाळूने भरलेल्या पात्राचे गणित मोठ्या बोटींना कधीच जमले नाही, हे त्यातून उघड झाले. तारेला धरून आडवे जाणेच या नदीला मानवते, लांबवर जाणे मानवत नाही.

शहराच्या उत्तरेला क्लार्कबरो आणि हेग येथे बोटी आहेत. क्लार्कबरो सॅस्काटूनपासून सर्वांत सोयीची असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी तिथे रांग लागते. लहान मुले बरोबर असतील आणि अर्ध्याच दिवसाची सवड असेल तर ती पुरेशी आहे. हेगजवळ नदीच्या पश्चिमेस मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांनी वसवलेली गावे आहेत. याहून अधिक लिहिण्यासारखे त्या दोन्ही उतारांवर मला आढळले नाही.

सेंट लॉरेंटची फेरीबोट मात्र सर्वांत श्रेष्ठ आहे. इथे दरीचे रूप पालटते. गवताळ मैदान मागे पडून ॲस्पन आणि स्प्रूसची झाडी काठापर्यंत येते, आणि नदी निवांत वळणे घेऊ लागते. पूर्वेच्या काठावर जवळच बटॉश आहे, जिथे मेटिस, म्हणजे मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या, लोकांनी नदीला टेकलेल्या अरुंद, लांबलचक पट्ट्यांत जमिनी वाटून घेतल्या होत्या, म्हणजे प्रत्येक घराला पाणी, झाडी आणि शेत मिळावे. सरकारी मोजणी चौकोनी तुकड्यांची होती, आणि मेटिसांनी १८८५ मध्ये कॅनडा सरकारविरुद्ध केलेल्या उठावामागच्या कारणांपैकी हे एक मोठे कारण ठरले. उठावाचे सेनानी गाब्रिएल ड्युमाँ स्वतः थोड्या वरच्या बाजूला फेरी चालवत असत. ९ मे १८८५ रोजी ‘नॉर्थकोट’ ही आगबोट सैन्याच्या मदतीसाठी नदीतून खाली आली, तेव्हा मेटिसांनी फेरीची तार खाली सोडून तिची धुराडी उडवली आणि ती प्रवाहाबरोबर निरुपयोगी वाहत गेली. बोटीवर उभे राहून डोक्यावरच्या तारेकडे पाहताना ही हकिगत आठवली की इतिहासाच्या पुस्तकातली ओळ एकदम डोळ्यांसमोर उभी राहते.

फेंटन आणि वेल्डनच्या बोटी शेवटच्या. त्यानंतर प्रिन्स अल्बर्टच्या पूर्वेला नॉर्थ सस्कॅचवान येऊन मिळते आणि एकत्रित नदी धरणे, कम्बरलँड हाऊसजवळचा विस्तीर्ण त्रिभुज प्रदेश व विनिपेग सरोवर पार करून नेल्सन नदीच्या रूपाने हडसन उपसागराला जाते. संगमाच्या ठिकाणी बोट नाही. तो उंच काठावरूनच पाहावा लागतो.

या सेवेतल्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. धक्क्यांकडे जाणारे बरेच रस्ते खडीचे असून पावसानंतर ते निसरडे होतात. बहुतेक ठिकाणी स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी किंवा मोबाइलची खात्रीशीर रेंज मिळत नाही. पाणी फार चढले किंवा फार ओसरले की बोट थांबवली जाते, आणि दुसरा पूल गाठायला मोठा वळसा पडतो. म्हणून निघण्यापूर्वी प्रांताच्या हायवे हॉटलाइनवर त्या दिवशीची स्थिती पाहून घ्यावी. हिवाळ्यात रिव्हरहर्स्टला गोठलेल्या जलाशयावरून रस्ता आखला जातो, परंतु नवख्या चालकाने त्याच्या नादी लागू नये. मोठे कॅम्पर वाहन घेऊन जाणाऱ्यांनी प्रत्येक बोटीची वजनमर्यादा वेगळी असते हे लक्षात ठेवावे. एकच बोट निवडायची असेल तर सेंट लॉरेंट, दोन निवडता आल्या तर तिच्या जोडीला लान्सर. आणि पाहुण्यांना बॅन्फला नेणाऱ्यांनी येताना मेडिसिन हॅटवरून वळून एस्च्युअरीमार्गे परतावे, म्हणजे बो नदीचे पुढे काय होते ते त्याच सुट्टीत दाखवता येईल.