आजोबांसाठी दुसरी गाडी: नेहमीची, फिरत्या सीटची की रॅम्पची?

जुनी गाडी दुरुस्तीच्या पलीकडे गेलीय, घरात पायांनी अधू झालेले आजोबा आहेत आणि नव्या गाडीचा खर्च एकट्याला झेपणारा नाही. अशा वेळी बहुतेक जण आधी पैसे किती जमतील ते बघतात आणि मग त्यात बसणारी गाडी शोधतात. मी आधी एवढंच विचारीन: आधार दिला तर आजोबा उभे राहून वळू शकतात का? गाडी कोणती आणि मदत कोणाकडे मागायची, हे बरंचसं यावरच ठरतं.

वळता येत असेल तर नेहमीची गाडी चालते, फक्त सीटची उंची नीट बघा. सेडानची सीट खाली असते. बसताना माणूस धपकन पडतो आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. मोठ्या एसयूव्हीत उलट चढावं लागतं. उंच छपराची हॅचबॅक किंवा लहान एमपीव्ही (जास्त माणसं बसणारी उंच कौटुंबिक गाडी) या दोन्हींपेक्षा बरी. साध्या व्हीलचेअरची सीट जमिनीपासून साधारण ४५ ते ५० सेंटिमीटरवर असते. गाडीची सीट त्याच्या आसपास असली की एकीवरून दुसरीवर सरकणं सोपं जातं. टेप बरोबर न्या आणि आजोबांनाही. पाठ सीटकडे करून आधी बूड टेकवायचं, डोकं वाकवायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा. हे चालू असताना त्यांचा हात कुठे जातो याकडे लक्ष ठेवा. तो हमखास उघड्या दारावर जातो, आणि दार हलतं. दाराचं लॉक ज्या कडीत बसतं तिच्यात अडकवायची सुटी मूठ मिळते. स्वस्त वस्तू आहे, पण पकड पक्की देते. वळणं सोपं व्हावं म्हणून काही जण सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरतात. युक्ती चांगली आहे, पण निघण्याआधी पिशवी काढा, नाहीतर ब्रेक लागताच माणूस पट्ट्याखालून पुढे घसरेल.

शिवाय डिकीत व्हीलचेअर कोण चढवणार? घडीची लोखंडी खुर्ची १५ ते २० किलोंची असते. ती उचलणारी आजीच असेल, तर हा पर्याय कागदावरच सोपा आहे.

फिरती सीट दाराबाहेर वळते, काही प्रकारांत खालीही उतरते. कंबर आणि गुडघे वळवायला त्रास होणाऱ्यांना ती सोयीची. पण यंत्रणेमुळे सीट उंच होऊ शकते आणि उंच माणसाचं डोकं छपराला लागतं. सीटमधल्या एअरबॅगचा आणि सेन्सरचाही प्रश्न असतो, म्हणून त्या मॉडेलसाठी मान्य असलेलीच सीट बसवा. आजार वाढत जाणारा असेल, पार्किन्सन्ससारखा, तर मी यात पैसे घालणार नाही. थोड्याच काळात खुर्चीवरून सीटवर घेणंच अवघड होऊन बसतं.

तिथे रॅम्पची गाडीच खरी. माणूस खुर्चीसकट आत जातो, कोणाला उचलावं लागत नाही. मागून रॅम्प असेल तर पार्किंगमध्ये मागे मोकळी जागा लागते, शिवाय खुर्ची मागच्या चाकांजवळ येत असल्याने धक्के जास्त बसतात. बाजूने रॅम्प असेल तर आजोबा पुढच्यांच्या जवळ बसतात, पण शेजारी कोणी गाडी लावली की बाहेर पडण्याची पंचाईत. इमारतीच्या रॅम्पला १:१२ चा उतार चांगला मानतात. गाडीचा रॅम्प त्याहून बराच उभा असतो, त्यामुळे ढकलणारा वयस्कर असेल तर ओढून घेणारी विंच हवीच. खुर्चीला चार पट्टे आणि माणसाला वेगळा सीटबेल्ट लागतो. खुर्चीही आयएसओ ७१७६-१९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार धडकेच्या चाचणीत उतरलेली असावी. बऱ्याच स्वस्त घडीच्या खुर्च्या तशा नसतात, म्हणजे खर्चात नवी खुर्चीही धरा. जुनी गाडी घेत असाल तर खाली वाकून, रॅम्पसाठी कापलेल्या गाडीच्या तळाला गंज आहे का ते बघा आणि रॅम्प स्वतः बऱ्याचदा उघडून-मिटून पाहा.

आता मदत. नेहमीच्या गाडीसाठी नातेवाइकांची वर्गणी आणि थोडं कर्ज हाच मार्ग बरा वाटतो. पैसे लवकर हाती येतात, कागदपत्रं कमी. फक्त गाडी कोणाच्या नावावर आणि पुढे विकली तर पैसे कोणाचे, हे आधीच लिहून ठेवा. भावंडांत वाद इथेच होतात. रॅम्पच्या गाडीला ही वर्गणी पुरत नाही, तिथे अनुदान किंवा धर्मादाय निधी लागतो. तो सावकाश येतो. डॉक्टरांचा किंवा थेरपिस्टचा दाखला आणि कोटेशन मागतात, आणि बऱ्याच ठिकाणी आधी केलेल्या खरेदीचे पैसे मिळत नाहीत. तेव्हा मंजुरीआधी बयाणा देऊ नका. करसवलत असेल तर ती गाडी अपंग व्यक्तीच्या नावावर असण्याशी जोडलेली असू शकते, तेही विचारून घ्या.

लोकांकडून जाहीर निधी गोळा करायचा असेल, तर नुसतं ‘आजोबांना गाडी हवी’ लिहू नका. कोणती गाडी, कोटेशन किती, घरचे किती घालणार, कमी किती पडतात आणि जास्त जमले तर ते कशात जातील, एवढं लिहा. मंजुरी येईपर्यंत दवाखान्याच्या फेऱ्यांना रॅम्पची गाडी भाड्याने मिळाली तर घ्या. मागचा रॅम्प की बाजूचा, हे त्यात कळतं.