गाडीचं अंतराळयान करून अकरा महिने झाले, काय टिकलं काय गळालं

सुरुवातीलाच सांगून टाकतो, गाडीला जेवढं लावलं होतं त्यातलं निम्मं आज गाडीवर नाहीये. काही मी काढलं, काही आपणहून गेलं. आणि गंमत म्हणजे गाडी पहिल्या दिवशी दिसायची त्यापेक्षा आत्ता जास्त यानासारखी दिसते. काम झाल्या झाल्या काढलेले फोटो सगळेच टाकतात, पण ऊन-पाऊस खाऊन झाल्यावर काय होतं ते कोणी सांगत नाही, म्हणून हे जरा लांबण लावून लिहितोय.

गाडी म्हणजे जुनी पाच दारांची हॅचबॅक, पांढरी, विकायला काढली तरी कोणी ढुंकून बघणार नाही अशी, म्हणूनच तर हिंमत झाली. मला रुपेरी चकचकीत उडती तबकडी नको होती. राबलेलं, कळकट, माल वाहून दमलेलं यान हवं होतं, पत्र्यांचे जोड दिसतायत, मधेच एखादा तुकडा वेगळ्या रंगाचा, जणू कुठेतरी आदळल्यावर घाईत बदलला असावा. सिनेमातली यानं अशी दिसायचं कारण अगदी साधं आहे, मॉडेल बनवणारे लोक रणगाड्यांची, विमानांची प्लास्टिकची किट आणून त्यातले बारके भाग यानावर चिकटवायचे, १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ची मॉडेल्स अशीच झाली, आणि ह्या बारक्या खडबडीला त्या लोकांत ‘ग्रीबल’ म्हणतात. आणि गाडीला उडणाऱ्या वस्तूचं सोंग द्यायचा शौक काही माझ्यापासून सुरू झालेला नाही, १९४८ च्या कॅडिलॅकचे मागचे पंख पी-३८ लढाऊ विमानावरून सुचलेले. घरात कोणी वेड्यात काढलं की मी हे उदाहरण तोंडावर फेकायचो. बायकोचं उत्तर असं की अहो, त्यांनी ते पंख कारखान्यात बसवले, रात्री अकरा वाजता दारात हीट गन घेऊन नाही.

आता मुद्द्याचं. सगळ्यात जास्त समाधान कशाने दिलं तर रॅपने. मॅट करडा विनाइल रॅप, म्हणजे रंगावर चिकटवायची प्लास्टिकची फिल्म, आणि त्यावर काळ्या बारीक रेषा. विनाइलमध्ये दोन प्रकार असतात, कास्ट आणि कॅलेंडर्ड. कॅलेंडर्ड फिल्म रोलरमधून दाबून, ताणून काढलेली असते, त्यामुळे तिला परत आक्रसायची खोड असते. कास्ट पातळ असते, वळणावर बसते आणि बसली की बसते. मी शहाणपणा करून छतावर कॅलेंडर्ड लावली, म्हटलं छत सपाट आहे, काय फरक पडतोय. चौथ्या महिन्यात कडेला सगळीकडे खालच्या पांढऱ्या रंगाची बारीक किनार दिसायला लागली, कपडा धुतल्यावर आखूड होतो ना, तसं. दारांवर आणि बोनेटवर कास्ट होती ती आजही जागची हललेली नाही. फक्त मिररच्या कव्हरवर आणि बंपरच्या खोबणीत जिथे जास्त ताणली होती तिथे उचलली, कारण शेवटी ताणलेल्या जागा पुन्हा नीट तापवून घ्यायच्या असतात, साधारण ९० अंशांच्या पुढे, म्हणजे फिल्म आपला मूळ आकार विसरते. मी कंटाळा केला. मिरर दोनदा करावे लागले.

मग पॅनेल. ही खरी कहाणी.

दोन्ही बाजूंना, दारांच्या खालच्या भागावर, मी तीन मिलिमीटर जाडीच्या एबीएस, म्हणजे कडक प्लास्टिकच्या शीटचे पट्टे लावले होते, एकेक पट्टा जवळजवळ मीटरभर लांब. रात्री लावले तेव्हा अक्षरशः सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला खाली उतरलो तर मधला भाग फुगून दारापासून सुटलेला, आत बोट जाईल एवढी फट. मला वाटलं टेप बोगस निघाली. संध्याकाळी बघतो तर पट्टा परत सपाट! दोन-तीन दिवस हाच खेळ, दुपारी पोट सुटायचं, रात्री आत जायचं. शेवटी कागद-पेन घेऊन बसलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एबीएस तापलं की लोखंडाच्या पाच-सहा पट जास्त पसरतं. मीटरभर पट्टा रात्रीपेक्षा दुपारी ४० अंशांनी जास्त तापला, आणि गडद रंग उन्हात एवढा सहज तापतो, तर तो तीन मिलिमीटरच्या आसपास वाढणार, आणि खालचा पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर. बाकीच्या अडीच मिलिमीटरने जायचं कुठे? बाहेर. दोन्ही टोकं घट्ट धरलेली, मग तो मधेच कमान करणार.

उपाय काय, तर पट्टे काढले आणि प्रत्येकाचे वीस-बावीस सेंटिमीटरचे तुकडे केले, मधे दोन मिलिमीटरच्या फटी. आणि लावून मागे सरकून बघतो तर काय, गाडी एकदम यान! सलग पट्टा दाराला लावलेल्या बीडिंगसारखा दिसत होता, तुटक तुकडे मात्र खरोखरचे पत्रे बसवल्यासारखे. म्हणजे मी ज्या रेषा टेपने रंगवत बसलो होतो त्या उन्हाने मला फुकटात शिकवल्या. त्या दिवसापासून एक नियम केला, कुठलाही तुकडा तळहाताच्या फार पुढे जायचा नाही, आणि दाराची फट ओलांडून तर अजिबात नाही. सिनेमातल्या मॉडेलला दार उघडायचं नसतं हो. त्याच्यावर ऊन पडत नाही, पाऊस पडत नाही, कोणी त्याला टेकून फोनवर बोलत नाही. माझ्या गाडीला चार दारं आहेत, एक डिकी आहे, आणि प्रत्येक दार दिवसातून दहादा आपटलं जातं.

चिकटवायची टेप म्हणजे अ‍ॅक्रिलिक फोमची डबल टेप, मिलिमीटरभर जाडीची. ती पातळ घेऊ नका, फोम जाड असला की पॅनेल पसरतं-आकुंचतं तेव्हा फोम ताण सोसून घेतो. लावण्याआधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, मेण-पॉलिशचा अंशही राहता कामा नये, चांगलं दाबायचं, आणि मग बहात्तर तास हात लावायचा नाही, कारण पूर्ण पकड यायला तेवढा वेळ लागतो. माझे जे चार तुकडे रस्त्यात पडले ते सगळे घाईत लावलेले. एक तर मागून येणाऱ्या दुचाकीच्या पुढ्यात पडला. माणूस भला होता, तुकडा उचलून आणून दिला, पण मला घाम फुटला. त्यानंतर पुढच्या बंपरवरचं आणि छतावरचं सगळं काढून टाकलं, तिथे आता फक्त रॅप. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० चे १०० केले की दीडपटीहून जास्त, त्यामुळे ‘गावात काही होत नाही’ हे हायवेला लागू पडत नाही.

आणि आवाज! छतावर दोन ‘अँटेना’ लावले होते, गोल नळ्यांचे. सत्तरच्या पुढे गाडी बासरी वाजवायची. आठवडाभर कौतुक वाटलं, मग मुलगी म्हणाली बाबा, एकतर हे काढा नाहीतर मी बसने जाते.

थ्रीडी प्रिंटवाल्यांसाठी एक सूचना. पीएलए ह्या प्रिंटिंगच्या प्लास्टिकचं काहीही गाडीत ठेवू नका. ते ५५-६० अंशांना मऊ पडतं आणि उन्हात काचा बंद असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या वर सहज जातो. मी डॅशवर छान खटक्यांचं पॅनेल बसवलं होतं, अठरा खोटी बटणं, दोन खरी. एका दुपारी जेवायला थांबलो तासभर. परत आलो तर पॅनेल डॅशच्या आकारावर पसरलेलं, बटणं एका बाजूला कललेली, जणू सगळ्या खटक्यांना एकदम डुलकी लागली. आता बाहेरचे भाग एएसए नावाच्या प्लास्टिकचे आहेत, ते उन्हातही पिवळं पडत नाही, आतले एबीएसचे.

दिव्यांबद्दल लिहायला हवं कारण सगळे तेच विचारतात. खालच्या कडेने तीनशे एलईडींची पट्टी, प्रत्येक दिवा वेगळा नियंत्रित होणारी पाच व्होल्टवाली. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात एकेक दिवा ६० मिलिअँपिअरपर्यंत खातो, म्हणजे तीनशेचे १८ अँपिअर, त्यामुळे वीस टक्क्यांच्या वर कधी नेतच नाही, आणि खरं सांगतो, मंदच छान दिसतं. पण मला धडा शिकवला तो बंद दिव्यांनी. ह्या पट्टीतला दिवा काळा असतानाही त्याची चिप जागी असते आणि साधारण एकेक मिलिअँपिअर घेत राहते. तीनशे दिवे, बाराचे पाच व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरमधून बॅटरीच्या बारा व्होल्टच्या बाजूला धरले तर ०.१५ अँपिअरच्या आसपास, दिवसाला साडेतीन अँपिअर-तास. आम्ही दहा दिवस बाहेरगावी. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची. परत आल्यावर किल्ली फिरवली तर टिक पण नाही. यान म्हणे!

त्यातच स्वस्तातल्या कन्व्हर्टरमुळे रिमोट चालेना, गाडीला अगदी नाक लावून बटण दाबलं तरच लॉक उघडायचं, रेडिओवर खरखर वेगळीच. बॅटरी आणि रिमोट, दोन्ही दुखण्यांवर औषध एकच निघालं, रिले टाकला, की किल्ली काढली की कन्व्हर्टरचाच पुरवठा तुटतो. रेडिओची खरखर कन्व्हर्टर धातूच्या डबीत घातल्यावर कमी झाली, गेली नाही. आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ टाका, पट्टीच्या जवळ नाही, मधली वायर घासून पत्र्याला टेकली तर आग तिथे लागते. चालत्या गाडीत हे सगळे दिवे बंदच ठेवतो. पुढे लाल आणि कुठेही निळं चमकणारं तर लावूच नका, लोक रुग्णवाहिका समजून बाजूला होतात, ते बरं नाही. हेडलाइट, टेललाइट, नंबर प्लेट ह्यांना मी हातही लावलेला नाही. विम्यावाल्यांना बदल लेखी कळवलेत. खिडक्यांमधल्या खांबांवर आतून काही चिकटवू नका, तिथे पडदा एअरबॅग असू शकते, ती फुटली तर तुमची सजावट तोंडावर येईल.

मागची इंजिनं, म्हणजे डिकीवरचे तीन मोठे गोल नॉझल, माझी सगळ्यात लाडकी गोष्ट आणि सगळ्यात मोठी चूक. वजन चार किलो. डिकीच्या गॅसच्या दांड्या मूळ झाकणाच्या वजनाला हिशोबाने भरलेल्या असतात हे मला ठाऊक होतं, पण चार किलोने काय होतंय असं वाटलं. पहिल्या थंड सकाळी सामान काढायला वाकलो आणि झाकण हळूच, अगदी आदबीने, पाठीवर येऊन बसलं. थंडीत गॅसचा दाब कमी होतो त्यामुळे नेमकं तेव्हाच. जड दांड्या बसवता आल्या असत्या, पण मग बिजागऱ्यांवर ताण. शेवटी नॉझल पोकळ करून पातळ शीटचे केले, एक किलोच्या आत आणले, आणि तीनाऐवजी दोन.

अजून एक फसलेला प्रयोग. वायपरच्या खाली काचेच्या पायथ्याशी जाळी असते ना, तिथे मी मस्त नळ्या-बिळ्या भरल्या होत्या. पहिल्याच पावसात आतून सगळ्या काचा धुरकट, ब्लोअर फुल केला तरी हवा येईना. तिथूनच तर केबिनला बाहेरची हवा मिळते. पुढच्या ग्रिलचंही तेच, अर्धी झाकली होती, ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा वर चढायला लागल्यावर गुपचूप उघडी केली.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सुंदर काम म्हणजे मळवणं. पातळ काळपट तपकिरी रंग लावायचा आणि लगेच कापडाने खाली ओढत पुसायचा, तो फटींत आणि तुकड्यांच्या कडेला राहतो. मी मन लावून दोन रविवार घातले. मग पावसात एक चक्कर मारून आलो आणि बघितलं की खरा चिखल माझ्यासारखा खाली ओघळत नाही, चाकामागून वर-मागे उडतो, पंख्यासारखा. पुसून पुन्हा तसं रंगवलं. आता गाडी खरोखर मळली की कुठला मळ माझा आणि कुठला रस्त्याचा ते मलाही कळत नाही, धुणारा पोरगा तर दरवेळी माझा मळ घासत बसतो बिचारा. प्रेशरने धुवायचं असेल तर हातभर लांबून, कडांवर सरळ धार नको. आणि वर्षातून एकदा एखादा तुकडा काढून खाली बघा. मी परवा काढला तर आत साचलेली वाळू आणि तिने क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, पॉलिश पेपरने घासावा तसा घासलेला. तुकड्याच्या खालच्या कडेला पाणी जायला वाट ठेवलीच नव्हती.

लोकांचं म्हणाल तर मोठी माणसं ‘किती खर्च आला’ हेच विचारतात. एक सात-आठ वर्षांची मुलगी मात्र सिग्नलला बराच वेळ चाकांकडे बघत होती, मग काच खाली करून म्हणाली, “काका, उडताना चाकं आत कुठे जातात? जागाच नाहीये.” ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. घरी येऊन चाकांच्या कमानीवर आतल्या बाजूने दोन झडपांच्या रेषा मारल्या, बंद असल्यासारख्या.

आत्ता डाव्या बाजूचे सगळे तुकडे काढून, खाली पाण्याला वाट ठेवून, पुन्हा लावलेत काल रात्री. बहात्तर तास व्हायचेत, तोवर मुलीबरोबर बसने जातोय.