कोरा मेपल नेक आणि पुण्याची हवा: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आसपास माझ्या स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीच्या इलेक्ट्रिक गिटारला मी कोरा मेपल नेक, म्हणजे डाव्या हातात धरायची लांब दांडी, बसवला. ना लॅकर, ना पॉली (पॉलियुरेथेनचा थर), ना तेल. फ्रेटबोर्ड, म्हणजे तारांखालची पुढची बाजू, जिच्यात फ्रेट या धातूच्या आडव्या पट्ट्या बसवतात, तोही त्याच मेपलचा आणि कोरा. आधीच्या नेकवर पॉलीचा जाड, चकचकीत थर होता. तासभर वाजवलं की अंगठा चिकटायचा आणि खालून वर सरकताना हात अडखळायचा. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हॅलेनला कोरेच नेक आवडायचे हे माहीत होतं, पण मला त्यातलं कळलं ते पहिल्यांदा हात फिरवल्यावर. आईचं वीस वर्षांचं लाटणं हातात घेतल्यासारखं वाटलं. तेही कोरंच लाकूड, रोज हाताखाली घासून गुळगुळीत झालेलं.

थंडी फार सुखाची गेली. रोज दीड-दोन तास वाजवत होते आणि झाल्यावर जुन्या सुती पंचाच्या तुकड्याने नेक पुढून-मागून कोरडा पुसून ठेवत होते. ही सवय सगळ्यात कामाची निघाली. घाम लाकडात मुरायच्या आत पुसला तर निम्मं काम तिथेच होतं.

तरी डिसेंबरपर्यंत पहिल्या पाच फ्रेटच्या मागे, जिथे अंगठा टेकतो तिथे, राखाडी पट्टा दिसायला लागला. मेपलची छिद्रं डोळ्यांना दिसत नाहीत इतकी बारीक असतात, म्हणून ते घट्ट वाटतं. पण घामातलं मीठ, त्वचेचं तेल आणि धूळ त्यात बसतेच. मी भांड्यांच्या साबणाचं पाणी करून ओल्या फडक्याने पुसलं. डाग थोडा फिका झाला, पण वाळल्यावर नेक खरखरीत लागला. पाण्याने लाकडाची लव उभी राहते, ती अशी. मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, हलक्या हाताने घासून ती बसवावी लागली.

त्यानंतर कोऱ्या नेकला पाणी लावलं नाही. लायटरमध्ये भरतात ते नॅप्था मात्र चांगलं चाललं. फडक्याचं टोक जेमतेम ओलं करायचं, एका वेळी दोन-तीन फ्रेटइतकाच भाग पुसायचा, फडक्याची बाजू बदलत राहायचं. तेलकट मळ त्यावर येतो, लव उठत नाही आणि मिनिटाभरात सगळं उडून जातं. खिडकी उघडी हवी आणि जवळपास शेगडी, उदबत्ती, निरांजन काही नको. आमच्याकडे देवघर त्याच खोलीत आहे, म्हणून मी हे काम सकाळची पूजा आटोपून दिवा शांत झाल्यावरच करते. नॅप्थाऐवजी रंगाचा थिनर वापरू नका. नेकवरचे प्लास्टिकचे ठिपके आणि बॉडीचा रंग, दोन्हींची वाट लागू शकते.

नॅप्था मळ काढतं, पण आत मुरलेला राखाडीपणा काढत नाही. त्याला घासावंच लागतं, आणि घासलं की लाकूड कमी होतं. दर महिन्याला पॉलिश पेपर फिरवायचा म्हटलं तर काही वर्षांत नेकचा आकारच बदलेल. मी ते दोनदाच केलं आणि थांबले.

फ्रेटबोर्डची कथा जास्त वाईट. तारांचा काळा मळ आणि बोटांचा घाम सरळ लाकडावर. तिसऱ्या ते सातव्या फ्रेटमध्ये, जिथे मी बी आणि जी तार ओढते, तिथे जानेवारीतच काळपट चट्टे आले होते. शिसवीच्या फ्रेटबोर्डवर हे रंगामुळे लपतं आणि त्या लाकडात स्वतःचं तेलही असतं. मेपलवर सगळं उघडं पडतं. फेंडर कंपनीच्या पहिल्या गिटार मेपलच्या बोर्डाच्याच होत्या, त्यांवर लॅकर असायचं आणि तेही झिजून असेच डाग पडायचे. १९५८ च्या जॅझमास्टर गिटारला त्यांनी रोझवूडचा, म्हणजे शिसवीचा, बोर्ड दिला, त्यामागे हेही एक कारण होतं. त्यामुळे या बाबतीत माझं मत पक्कं झालंय: मागची बाजू कोरी ठेवायची हौस असेल तर जरूर ठेवा, पुढची ठेवू नका.

एप्रिलमध्ये कर्वेनगरच्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी आर्द्रतामापक १९ टक्के दाखवत होता. एका संध्याकाळी वर सरकताना तळव्याला काहीतरी टोचलं. फ्रेटची टोकं. लाकूड सुकलं की रुंदीत आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाही, आणि धातूचा फ्रेट आहे तेवढाच राहतो, म्हणून तो कडेने बाहेर डोकावतो. मास्किंग टेप लावून बारीक कानसेने टोकं घासली. हे पॉलीच्या नेकलाही होतं, पण कोऱ्या नेकला फार लवकर झालं.

आणि मग जून.

पाऊस सुरू व्हायच्या आत काहीतरी संरक्षण द्यावं असं वाटलं. भावाच्या क्रिकेटच्या किटमध्ये बॅटला लावायच्या जवसाच्या तेलाची बाटली होती. बॅटही कोरं लाकूड, नेकही कोरं लाकूड, हा माझा हिशोब. रात्री नेकला पुढून-मागून तेल चोळलं. सकाळी तो चिकट होता. आठवड्याने चिकट होता. पंधरा दिवसांनीही बोट लावलं तर ठसा उमटत होता, आणि त्यावर पंख्याची धूळ बसून करडा लेप तयार झाला होता. बॅटचं तेल हे कच्चं जवसाचं तेल असतं. ते सुकायला आठवडे घेतं, त्यात दमट हवा म्हणजे बघायलाच नको. बॅटला ते चालतं कारण हात फक्त मुठीला लागतो आणि मुठीला तेल लावत नाहीत. नेकला तर सगळीकडे हातच लागतो.

जुलैत मापक ८४ वर गेला. बी आणि ई तारा फ्रेटबोर्डपासून उंच लागायला लागल्या. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून तार आणि मधल्या फ्रेटमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्र्यांनी) मोजली तर ०.३५ मिलिमीटर, थंडीत ०.२० होती. ट्रस रॉडची (नेकच्या आतल्या, त्याचा वाक सरळ करणाऱ्या सळईची) चावी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा दिला, एक रात्र थांबले, परत मोजलं. इथे घाई करू नये, लाकूड सावकाश बसतं.

साफ करायचंच आहे तर नेक पूर्ण काढावा म्हणून चार स्क्रू सोडवले, आणि खरं दुखणं तिथे दिसलं. नेकची टाच, म्हणजे जो भाग बॉडीच्या खाचेत बसतो, तिच्या टोकाला काळसर बुरशी धरली होती. वास ओल्या कपाटासारखा. इतके महिने मी अंगठ्याच्या डागाशी झुंजत होते आणि ओल भलतीकडूनच आत जात होती.

नेक घेऊन आमच्या जुन्या सुतारकाकांकडे गेले. गिटारशी त्यांचा काही संबंध नाही. दारं, देव्हारे आणि पलंग यांत त्यांचं आयुष्य गेलंय. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, टाच डोळ्याशी धरली, टोकावर जिभेने ओलं केलेलं बोट टेकवलं. ओला ठिपका बघता बघता आत गेला. मग तसाच ठिपका नेकच्या पाठीवर लावला. तो तसाच चमकत राहिला.

"बघितलंत ना ताई? लाकूड तोंडाने पाणी पितं, पाठीने नाही. आडवं कापलेलं टोक म्हणजे त्याचं तोंड. तुम्ही पाठीला तेल चोपडलंत आणि तोंड उघडं ठेवलंत."

"मग काका, आता तेल नकोच का?"

"पाजा की. पण टोकाला आधी, अंगाला नंतर. आणि पाजलं की पुसा. लाकडाने घेतलं तेवढं त्याचं, वर राहिलं ते धुळीचं."

बोहरी आळीतून ३२०, ४०० आणि ६०० चे पॉलिश पेपर आणि मेणाची डबी आणली. ०००० ग्रेडचं स्टील वूल आणि ट्रू-ऑईल ऑनलाइन मागवलं. ट्रू-ऑईल मुळात बंदुकीच्या लाकडी दस्त्यासाठी बनवलेलं. जवसाच्याच जातकुळीतलं, पण वाळून कडक होणारं.

ऑगस्टच्या सुरुवातीला तीन-चार दिवस उघडीप मिळाली, तेव्हा बसले. नॅप्थाने चिकटा काढायलाच एक दुपार गेली, सात-आठ फडकी लागली. मग ३२० ने मागची बाजू आणि टाच, अगदी पांढरं लाकूड दिसेपर्यंत. यानंतर मुद्दाम ओल्या फडक्याने एकदा पुसून लव उठू दिली, पूर्ण वाळल्यावर ४०० ने ती कापली, परत ओलं, परत ६००. तिसऱ्या वेळी लव उठलीच नाही. हा टप्पा गाळू नका. हाताला जो मऊपणा आवडतो तो इथे तयार होतो, तेल असण्या-नसण्याने नाही. अकरा महिन्यांत मला उमगलेली मुख्य गोष्ट हीच. मी कोरेपणाच्या प्रेमात आहे असं समजत होते, आणि प्रेम होतं ते नीट घासलेल्या लाकडावर.

तेल बोटाने, थेंबाथेंबाने. आधी टाचेचं टोक: तिथे तीनदा लावलं तेव्हा कुठे ते पिणं थांबलं. स्क्रूच्या भोकांत काडीने. हेडस्टॉकचं (नेकच्या डोक्याचं) वरचं टोक आणि ट्यूनरची (तारा पिळायच्या खुंट्यांची) भोकंही. मग पाठ, दोनच हात, दरवेळी पाच मिनिटांत कोरडं पुसून. फ्रेटबोर्डला पाच हात. दमट हवेमुळे दोन हातांमध्ये पूर्ण एक दिवस ठेवावा लागला. शेवटी पाठीवर ०००० चं स्टील वूल फिरवून चकाकी घालवली आणि मेणाचा पुसट हात दिला. स्टील वूलचा भुसा पिकअपच्या (बॉडीवरच्या, तारांचा आवाज पकडणाऱ्या भागांच्या) चुंबकांना चिकटतो, म्हणून हे काम नेक बॉडीपासून लांब ठेवूनच करा.

तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. ही तेलं हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतात आणि त्यात उष्णता निघते. बोळा करून ठेवलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. मी गॅलरीत दोरीवर एकेक पसरून, कडक वाळल्यावर टाकली.

आता दीड महिना झाला. हात कोऱ्या नेकइतकाच सरकतो. डोळे मिटून दोन्ही दिले तर मला फरक सांगता येणार नाही. अंगठ्याचा राखाडी पट्टा अजून आलेला नाही. सोसायटीच्या गणपतीत भर दमट हवेत सलग दोन तास वाजवलं, नंतर पंचाने पुसला आणि झालं. फ्रेटबोर्डवरचा तारांचा मळ किंचित दमट फडक्याने निघतो, हे आधी स्वप्नातही शक्य नव्हतं. जानेवारीतले जुने चट्टे मात्र पुसट का होईना राहिलेत. फ्रेटच्या मधल्या बोळांत फार घासायचा धीर झाला नाही.

उणं म्हणाल तर रंग. कोऱ्या मेपलचा तो दुधी पांढरेपणा गेला, आता मधाकडे झुकलाय आणि पुढे आणखी पिवळा होत जाईल. आणि तेल म्हणजे पॉली नव्हे. ओल ते हळू करतं, थांबवत नाही. ट्रस रॉडची चावी ऋतूगणिक हाताशी लागणारच. गिटार मी आता बाहेर टांगून न ठेवता केसमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. ज्यांना वर्षभर हात लावायला वेळ नाही त्यांनी सरळ सॅटिन (कमी चकाकीच्या) पॉलीचा नेक घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही.

परवा अनंत चतुर्दशीनंतरच्या शांततेत तारा सैल करून नेक पुन्हा काढला, फक्त टाच बघायला. टोक कोरडं होतं, रंग सगळीकडे सारखा, वास नुसत्या मेणाचा. बोट ओलं करून ठिपका लावला, काकांनी लावला तसा. मिनिटभर बघत बसले, तो वरच राहिला. मग पुसून टाकला, चारही स्क्रूंना मेण लावलं, प्रत्येक आधी उलटा फिरवून जुन्या आट्यात टक्क बसल्याचं जाणवल्यावर आवळला, आणि तारा चढवल्या.