सॅक पाठीवर, चार दिवस: ग्रँड कॅन्यन की पारिया?

अमेरिकेतल्या मराठी ट्रेकर मंडळींमध्ये हा प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. चार दिवसांची सवड आहे, वाळवंटातल्या कॅन्यनमध्ये मुक्कामी जायचंय, तर कुठे? चर्चा कितीही लांबली तरी शेवटी दोनच नावं उरतात. एक ग्रँड कॅन्यनची नेहमीची वाट: साउथ कायबॅबने उतरायचं, कोलोरॅडो नदीकाठी राहायचं, ब्राइट एंजलने वर यायचं. दुसरं पारिया: युटातल्या व्हाइट हाउसपासून अ‍ॅरिझोनातल्या लीज फेरीपर्यंत नदीच्या पात्रातून ३८ मैल. मी दोन्ही केलेत. सॅक, तंबू, बूट यांची तयारी तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढे लिहितो.

ग्रँड कॅन्यनबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. साउथ कायबॅबच्या वाटेवर पाणी नाही, पण सावली नसल्यामुळेच प्रत्येक वळणावर सगळी दरी समोर उघडी असते. खाली नदीजवळचा काळपट खडक पावणेदोन अब्ज वर्षांचा आहे, हे वाचलेलं असूनही त्याला हात लावल्यावर माणूस जरा गप्प होतो. सोयही उत्तम. तळावर नळाचं पाणी, फ्लशचे संडास, खारींपासून खाणं वाचवायला लोखंडी पेट्या. तळावरच्या फँटम रँच या मुक्कामाच्या लॉजच्या कँटीनमध्ये थंड लेमोनेड मिळतं, आणि तिथून टाकलेलं पोस्टकार्ड खेचराच्या पाठीवरून वर जातं. पाइपलाइन जुनी आहे आणि अधूनमधून फुटते, म्हणून निघण्याआधी नळ चालू आहेत का ते बघावं लागतं, एवढंच.

चढाचा बाऊ फार होतो. नदीपासून ब्राइट एंजलच्या माथ्यापर्यंत साधारण १,३३० मीटर आणि साडेनऊ मैल, म्हणजे बारी गावातून कळसूबाईला जितकं चढतो त्याहून बरंच जास्त. शिवाय आपल्या सवयीच्या उलट: गडावर ताज्या पायांनी चढतो आणि दमल्यावर उतरतो, इथे दमल्यावर चढायचं. पण अर्ध्या वाटेवरच्या हवासुपाई गार्डन्स कॅम्पला एक मुक्काम टाकला तर चढाचे दोन तुकडे होतात आणि सॅकसह सहज जमतं.

मला खटकला तो गजर. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार चालू नका, असं पार्कवालेच सांगतात, आणि ते अगदी बरोबर आहे. त्याचा परिणाम असा की पहाटे तीनलाच सगळा कॅम्प जागा होतो. या तंबूची चेन, त्या तंबूची चेन, स्टोव्हची फुरफुर, हेडलॅम्पचे झोत आपल्या कापडावरून फिरणारे. थंडावा आल्यावरही लोकांची ही घाई फारशी कमी झालेली मला दिसली नाही. त्यात परमिटवर प्रत्येक रात्रीची जागा आधीच लिहिलेली, त्यामुळे आवडलेल्या ठिकाणी थांबण्याचा प्रश्नच येत नाही. दिवसभर मनात हिशेब: इथून किती वाजता निघालो तर ऊन कुठे गाठेल? सुट्टी काढून आलेल्या माणसाला हे रोज ऑफिसला जाण्याइतकंच वाटू शकतं. निदान मला वाटलं.

पारियात घड्याळ सॅकच्या तळाशी गेलं. नॅरोजमध्ये, म्हणजे कॅन्यनच्या अरुंद भागात, भिंती इतक्या जवळ येतात की ऊन तळापर्यंत जेमतेम पोचतं, आणि भर दुपारीही चालता येतं. सांधण दरी केलेल्यांना त्या उजेडाची थोडी कल्पना येईल. फक्त इथे तो तासन्‌तास संपत नाही. सातेक मैलांवर बक्सकिन गल्च ही बाजूची चिंचोळी घळ येऊन मिळते, तिथे थोडं आत शिरून यावंच. उतार इतका हलका की जाणवत नाही. दिवसाला २० माणसांनाच मुक्कामी प्रवेश, आणि पाण्यापासून उंच असलेला कुठलाही वाळूचा ओटा आपला.

आता दुसरी बाजू, कारण तीही खरी आहे. बूट चारही दिवस ओले. नदी इतक्या वेळा ओलांडावी लागते की कोरडे ठेवण्याचा नाद पहिल्या तासातच सुटतो. मोज्यात रेती, बोटांच्या बेचक्यात रेती. पाणी चहासारखं गढूळ असतं आणि फिल्टर तुंबवतं. बिग स्प्रिंगचा झरा बारा मैलांवर, तोवरचं पाणी पाठीवर न्या किंवा नदीचं पाणी तुरटी फिरवून रात्रभर निवळत ठेवा आणि मग गाळा. शौचाची पिशवी सोबत बाळगून परत आणावी लागते, त्यावर नाक मुरडून उपयोग नाही. लीज फेरीजवळचे शेवटचे मैल उघडे आणि तापलेले आहेत. आणि गाडी दुसऱ्या टोकाला: पेज गावावरून वळसा घालून सत्तरेक मैल, त्यासाठी शटल ठरवावी लागते.

पुराची गोष्ट मात्र तक्रारीत मोडत नाही. जुलै ते सप्टेंबर पारियाचं नावही काढू नका. या नदीचं पाणी वर ब्राइस कॅन्यनच्या बाजूने येतं; तिकडे ढग फुटला तर तुमच्या डोक्यावर निळं आकाश असताना पूर येऊ शकतो. १२ ऑगस्ट १९९७ ला पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये असंच दूरच्या पावसाने अकरा जणांचा जीव घेतला. निघायच्या दिवशी रेंजरला अंदाज विचारा आणि तो नको म्हणाला तर नाहीच.

तेव्हा भारतातून आई-बाबा किंवा पहिल्यांदाच मुक्कामी येणारी मंडळी सोबत असतील, तारखा उन्हाळ्यातच मिळत असतील, किंवा वाट चुकण्याची धास्ती नको असेल, तर ग्रँड कॅन्यन घ्या. पहाटेचा गजर तुम्हाला कदाचित खुपणारही नाही. कित्येकांना तीच मजा वाटते. पण एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर असेल, चौघे जुने ट्रेकर असाल आणि ओल्या पायांचं वावडं नसेल, तर दोन्हीकडे अर्ज करा, आणि दोन्ही परमिटं हाती आली तर ग्रँड कॅन्यनचं वेळेत रद्द करा, म्हणजे दुसऱ्या कुणाला जाता येईल.