पहिलीचं ख्रिस्ती होमस्कूल किट: फोनिक्स झकास, गणिताचं मात्र आपलं आपण बघा

लेकीला घरीच शिकवतोय म्हणून एक अमेरिकन ख्रिस्ती करिक्युलम घेतला, पीडीएफ उतरवून झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून आणली. फोनिक्स, म्हणजे अक्षरांच्या आवाजावरून इंग्रजी वाचायला शिकणं, एकदम झकास, धडे छोटे, पोरगी कंटाळत नाही, आणि दर आठवड्याला एक वचन पाठ करायचं असतं ते आम्ही मराठी बायबलमधूनच करून घेतो, आजीसोबत प्रार्थनेला बसली की तेच कामी येतं ना. गणितात मात्र वैताग! नाण्यांच्या पानावर पेनी, निकल, डाइम, क्वार्टर, आणि मोजायला सगळीकडे इंच. मी सरळ वर कागद चिकटवून रुपये आणि सेंटीमीटर केलेत. आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेतलं, म्हणजे फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, कवी रेव्हरंड टिळक, केडगावच्या पंडिता रमाबाई, यातलं अर्थातच काही नाही, ते आम्ही रविवारी गोष्टी म्हणून सांगतो.

नातेवाईकांचा ठरलेला प्रश्न, सर्टिफिकेटचं काय? तर एनआयओएसची, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळा मंडळाची, ओबीई (ओपन बेसिक एज्युकेशन) परीक्षा आहे हो, लेव्हल ए म्हणजे तिसरी, बी पाचवी, सी आठवी. इंग्रजीसाठी हे किट बिनधास्त घ्या, गणिताला बालभारतीचंच पुस्तक बरं, ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळते.